वरच्या वीस ओळी

"ज्यानं फुकट दिलं, त्याला नाव कशाला हवं?"

गेल्या महिन्यात एका कोड रिव्ह्यूमध्ये मला हा प्रश्न विचारला गेला. विचारणारे गृहस्थ माझ्याहून वयानं आणि हुद्द्यानं मोठे. माझा पाणउतारा करायचा त्यांचा हेतू नव्हता, त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. त्यांचं म्हणणं असं: ओपन सोर्स कोड लिहिणाऱ्यानं तो जगाला देऊन टाकला. एकदा दान दिलं की दात्यानं पाटी लावा म्हणून मागे लागू नये. आपण तो घ्यावा, कामाला लावावा आणि क्लायंटला वेळेत माल द्यावा. खोलीतल्या सात-आठ जणांनी माना डोलावल्या. पुढच्या मीटिंगची वेळ झाली होती, त्यामुळे मला दोनच वाक्यं बोलता आली. उरलेलं उत्तर इथे लिहिते आहे, कारण हा प्रश्न त्या एका खोलीपुरता नाही. पुण्यात अठरा वर्षं हे काम करताना तो मी चहाच्या टपरीपासून अप्रेझलच्या टेबलापर्यंत सगळीकडे ऐकला आहे.

वादाचं निमित्त एक फाइल होती. तारखांचा हिशेब करणारी, साडेचारशे ओळींची. दोन तारखांमधले कामाचे दिवस मोजायचे, सुट्ट्या वगळायच्या, महिनाअखेर सांभाळायची, एवढंच तिचं काम. फाइलीच्या डोक्यावर कंपनीचं नाव, 'सर्व हक्क राखीव' आणि लेखक म्हणून आमच्याच टीममधल्या एका मुलाचं नाव. कोड वाचायला घेतला आणि एका फंक्शनच्या नावात 'कॅलेंडर'चं इंग्रजी स्पेलिंग चुकलेलं दिसलं. शेवटच्या 'ए'च्या जागी 'ई'. आमचा हा मुलगा शुद्धलेखनात काटेकोर आहे, माझ्या चुका तो काढतो. मी ते चुकीचं नाव जसंच्या तसं शोधलं आणि मिनिटाभरात मूळ फाइल सापडली. तीच फंक्शनं, तोच क्रम, नऊ ठिकाणी तीच चूक. फरक फक्त डोक्यावर होता. मूळ फाइलीत तिथे वीसेक ओळी होत्या: लेखकाचं नाव, साल आणि परवाना. त्या कापल्या होत्या.

मी विचारलं तेव्हा मुलानं काहीही लपवलं नाही. "मॅडम, लायसन्स एमआयटी आहे. परमिसिव्ह आहे. त्यात काही करावं लागत नाही."

हा गैरसमज इतका पसरला आहे की त्याच्याशी आधी निपटलं पाहिजे. एमआयटी परवाना जेमतेम पावणेदोनशे शब्दांचा आहे, उभ्याउभ्या वाचून होतो. वापरा, नकला करा, बदला, दुसऱ्या कोडात मिसळा, वाटा, विका, असं सगळं तो देतो. बदल्यात एकच अट घालतो: ही कॉपीराइटची ओळ आणि हा परवाना प्रत्येक प्रतीत किंवा मोठ्या भागात राहू द्या. बीएसडी परवान्याची अट याच धर्तीची आहे. अपाचे परवाना पुढे जाऊन सांगतो की फाइल बदलली असेल तर तसं लिहा. म्हणजे ज्याला आपण 'काही करावं लागत नाही' म्हणतो, त्यात करण्यासारखी एकच गोष्ट होती आणि आम्ही नेमकी तीच केली नाही. खरं तर काही करायचंही नव्हतं. त्या ओळींना हात लावायचा नव्हता, इतकंच. त्या कापायला मात्र कुणीतरी हात चालवला.

आता दानाचा मुद्दा. देऊन टाकणं आणि अटीवर देणं यात फरक आहे, आणि तो लेखकाला ठाऊक असतो. ज्याला कोणतीही अट नको असते तो तसं करून दाखवतो. एसक्यूलाइट हा जगातल्या जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये असलेला डेटाबेस रिचर्ड हिप यांनी सार्वजनिक मालकीचा म्हणून सोडून दिला, त्यासाठी नाव लावायची सक्ती नाही. हा रस्ता प्रत्येक प्रोग्रामरला मोकळा आहे. तरीही एखादा माणूस एमआयटी निवडतो, तेव्हा त्यानं विचार करून एक किंमत लावलेली असते. ती रुपयांत नाही म्हणून ती किंमतच नाही, असं ठरवणारे आपण कोण?

हाच प्रश्न अमेरिकेतल्या एका न्यायालयासमोर आला होता. रॉबर्ट जेकबसन हे बर्कलीचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांना छोट्या आगगाड्यांचा छंद. अशा गाड्यांच्या इंजिनात डीकोडर नावाची चिप बसवलेली असते. प्रत्येक उत्पादकाची चिप वेगळी, तिची भाषा वेगळी. जेकबसन आणि त्यांच्यासारख्या हौशी मंडळींनी मिळून 'जेएमआरआय' नावाचं सॉफ्टवेअर उभं केलं आणि त्यासाठी या चिपांची माहिती देणाऱ्या फाइली एकेक करून लिहून काढल्या. फावल्या वेळातलं, किचकट, कुणी पगार न देणारं काम. परवाना होता 'आर्टिस्टिक लायसन्स'. त्याची अट अशी की फाइली खुशाल घ्या, बदला, पण मूळ नावं ठेवा आणि काय बदललं ते सांगा. मॅथ्यू कॅट्झर यांच्या कंपनीनं आपल्या 'डीकोडर कमांडर' या उत्पादनासाठी त्या फाइली वापरल्या. वापरताना लेखकांची नावं गेली, कॉपीराइटची सूचना गेली, परवान्याचा उल्लेख गेला, फाइली कुठून आल्या हे गेलं, आणि काय बदललं तेही लिहिलं गेलं नाही. वर कहर म्हणजे, याच कॅट्झर यांच्या बाजूनं जेकबसन यांनाच पेटंटच्या नावाखाली दोन लाख डॉलरहून अधिक रकमेची मागणी गेली होती. फुकट सॉफ्टवेअर वाटणाऱ्या माणसाकडे!

जेकबसन २००६ मध्ये कोर्टात गेले. खालच्या न्यायालयानं २००७ मध्ये मनाई हुकूम नाकारला. परवाना इतका सैल आहे की फार तर करारभंग झाला, कॉपीराइटचा भंग नाही, असा त्याचा सूर. आमच्या मीटिंगमधलंच म्हणणं, फक्त न्यायाधीशाच्या भाषेत. १३ ऑगस्ट २००८ रोजी वरच्या फेडरल सर्किट न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. पैसे हातोहात गेले नाहीत म्हणजे मोबदला नव्हता असं गृहीत धरता येणार नाही, असं त्यानं स्पष्ट केलं. नावामुळे लेखकाची ओळख वाढते, वापरणारे मूळ प्रकल्पापर्यंत पोचतात, ते चुका कळवतात, सुधारणा करतात आणि काम वाढतं. हा सगळा लाभ त्या अटीवर उभा आहे, म्हणून अट मोडली की परवानगी संपते. फेब्रुवारी २०१० मध्ये तडजोड झाली आणि एक लाख डॉलर द्यायचं ठरलं. मला त्या रकमेपेक्षा न्यायालयाची ती समज मोलाची वाटते. खेळण्यातल्या आगगाड्यांच्या फाइलींवरच्या नावांना एका मोठ्या न्यायालयानं आर्थिक मूल्य आहे असं म्हटलं.

"पण आपल्याला त्या लेखकाशी काय देणंघेणं?" हे त्या मीटिंगमधलं दुसरं वाक्य. इथे मला डोक्यावरच्या त्या ओळी, म्हणजे हेडर, कापणाऱ्याच्याच स्वार्थाबद्दल बोलायचं आहे. फाइलीवरचं नाव हा तिचा पत्ता असतो. तो पुसला की फाइल पोरकी होते, आणि पोरक्या फाइलीचा त्रास ती बाळगणाऱ्याला होतो.

झेडलिब ही माहिती दाबून छोटी करणारी लायब्ररी ज्याँ-लू गायी आणि मार्क ॲडलर यांनी १९९५ मध्ये दिली. तिचा परवाना इतका उदार की श्रेय दिलंत तर आवडेल, सक्ती नाही, पण हे आम्हीच लिहिलं असं खोटं सांगू नका. तिच्या कोडात मात्र एक छोटी विनंती लिहून ठेवलेली आहे: उत्पादनाच्या कागदपत्रांत श्रेय देणं काही कारणानं जमत नसेल, तर निदान ही कॉपीराइटची ओळ तयार प्रोग्रामच्या आत राहू द्या. त्या ओळीत आवृत्तीचा क्रमांक, सालं आणि ॲडलर यांचं नाव असतं. मार्च २००२ मध्ये झेडलिबमध्ये सुरक्षेची गंभीर चूक सापडली. एकच मेमरी दोनदा मोकळी केली जात होती. दुरुस्ती १.१.४ या आवृत्तीत लगेच आली. अवघड भाग पुढे होता. झेडलिबचा कोड कितीतरी प्रोग्राम्सनी आपल्या पोटात कालवून घेतला होता, आणि आपल्याकडे तो आहे हे कित्येकांना माहीतच नव्हतं. ज्या प्रोग्रामात ती एक ओळ जिवंत होती, तिथे तो नुसता चाळला तरी कळत होतं की इथे झेडलिब आहे, अमुक आवृत्ती आहे, बदला. ज्यांनी ओळ खरवडून काढली होती, त्यांनी स्वतःच्याच घरातला धोक्याचा दिवा फोडला होता.

आमच्या तारखांच्या फाइलीची गोष्ट याहून साधी. ३१ जानेवारीपासून एक महिना पुढे जायचं तर आमचं उत्पादन ३ मार्चला पोचायचं. क्लायंटच्या व्याजाच्या हिशेबात ते आलं, आणि आम्ही तिघांनी तीन दिवस डोकं फोडून ते निस्तरलं. मूळ फाइल सापडल्यावर मी तिचा इतिहास उघडला. तीच चूक लेखकानं दोन वर्षांपूर्वी दुरुस्त केली होती, आमच्याहून सुबक, चाचण्यांसकट. डोक्यावरच्या वीस ओळी जागेवर असत्या तर आमच्यापैकी कुणीतरी तिकडे डोकावलं असतं.

"आम्ही त्यात इतकं बदललंय की तो आता आमचाच कोड आहे." हे वाक्य बहुतेकदा प्रामाणिकपणे बोललं जातं, म्हणून ते जास्त घातक. बदल केला की बदलाचे लेखक तुम्ही झालात. खालच्या थराचे लेखक तुम्ही कसे व्हाल? ही चूक फक्त कंपन्या करतात असंही नाही. २००७ मध्ये ओपनबीएसडी या मुक्त प्रणालीच्या राइक फ्लोएटर यांनी वायरलेस चिपांसाठी लिहिलेला कोड लिनक्सकडे चालला होता, तेव्हा त्यांच्या परवान्याचा मजकूर काढून त्या जागी जीपीएल हा वेगळा परवाना ठेवणारा एक पॅच मांडला गेला. मांडणारी मंडळी स्वतः मुक्त सॉफ्टवेअरची कार्यकर्ती होती. ओपनबीएसडीचे संस्थापक थिओ द राट यांनी उघड आक्षेप घेतला आणि मोठा वाद झाला. तुमच्या भरीवर तुमचा परवाना लावा, पण मूळ लेखकाची सूचना जागेवरून हलवू नका, ही शिस्त त्या वादानं अनेकांच्या अंगवळणी पडली.

आपल्या भाषेला ही शिस्त परकी नाही. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखित प्रतींमध्ये अपपाठ शिरले होते, ते एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध केले. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी काय केलं, कोणत्या साली केलं आणि कुणी केलं याची नोंद ठेवली. पुढच्यांना ताकीदही दिली की यात आपली ओवी घुसडू नका. स्वतः मोठे कवी असूनही त्यांनी ग्रंथ ज्ञानदेवांचाच ठेवला आणि आपलं काम तेवढं आपल्या नावावर लिहिलं. कोणता भाग कुणाचा हे वेगळं ठेवायची ही रीत आपण चारशे वर्षं वाचत आलो आहोत. ती कीबोर्डवर बोटं ठेवताच का विसरावी?

प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा मात्र मी टाळणार नाही. आजच्या एका साध्या ॲपमध्ये शेकडो लायब्ररी असतात. सगळ्यांची नावं लावत बसलो तर काम कधी करायचं? या तक्रारीला इतिहास आहे. जुन्या बीएसडी परवान्यात एक कलम होतं, की या सॉफ्टवेअरचा उल्लेख असलेल्या प्रत्येक जाहिरातीत कॅलिफोर्निया विद्यापीठाचं ऋण छापलं पाहिजे. पुढे इतरांनी विद्यापीठाच्या जागी आपापली नावं घातली. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी १९९७ मध्ये नेटबीएसडी या प्रणालीच्या एका आवृत्तीत अशी ७५ वाक्यं मोजली. जाहिरातीत ७५ ऋणनिर्देश छापणं हास्यास्पद होतं. विद्यापीठानं जुलै १९९९ मध्ये ते कलम काढून टाकलं. मी त्या निर्णयाच्या बाजूची आहे. पण काय काढलं आणि काय ठेवलं ते बघा. जाहिरातीची सक्ती गेली, कॉपीराइटची सूचना जपायची अट तशीच राहिली. कामात अडथळा कुठे येतो आणि लेखकाचं देणं कुठे सुरू होतं, याची रेघ या मंडळींनी स्वतःच आखून दिली आहे. नाव मुकुटासारखं मिरवा असं कुणीच म्हणत नाही.

आणि शेकडो नावं सांभाळणं जमत नाही हे खरंही नाही. हातातला मोबाइल घ्या, सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन'खाली कायदेशीर माहितीत ओपन सोर्स परवान्यांचं पान असतं ते उघडा. बोट दुखेपर्यंत खाली सरकवत राहा, नावं संपत नाहीत. कर्ल या प्रोग्रामचे लेखक डॅनियल स्टेनबर्ग यांना अनोळखी मोटारमालकांची पत्रं येतात, कारण गाडीच्या पडद्यावरच्या परवान्यांच्या यादीत त्यांचं नाव आणि ईमेल असतं. मोटार बनवणाऱ्यांना ते जमतं. ती यादी कुणी हातानं लिहीत नाही, लायब्ररी जोडणारी साधनंच ती बनवून देतात. आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेनं २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी कशी ठेवावी याची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. सुरक्षेसाठी यादी ठेवायचीच आहे, तर तिच्यात लेखकाचं नाव राहू द्यायला वेगळे कष्ट पडत नाहीत.

"कोडमधल्या कल्पना सगळ्यांच्याच असतात" हा मुद्दा मला मान्य आहे, आणि तो इथे लागू नाही. क्रमवारी लावायची पद्धत कुणाच्या मालकीची नसते. ती समजून घेऊन तुम्ही स्वतःच्या शब्दांत लिहिलीत तर तो कोड तुमचा. चार ओळींच्या लूपसाठी कुणी श्रेय मागत नाही. पण साडेचारशे ओळी स्पेलिंगच्या चुकीसकट उतरवल्या, तिथे कल्पनेचा संबंध संपतो.

राहिला सर्वांत नवा बचाव: "मी कुठून उचललं नाही, एआयनं लिहून दिलं." या बचावाला उत्तर म्हणून एका फंक्शनची कहाणी सांगते. 'क्वेक थ्री' या खेळाचा सोर्स २००५ मध्ये खुला झाला. त्यात वर्गमुळाचा व्यस्त झटकन काढणारं एक छोटं फंक्शन होतं. त्यात १५९७४६३००७ हा आकडा कुठलंही स्पष्टीकरण न देता येतो, त्यातून अर्धी केलेली एक संख्या वजा होते आणि जवळजवळ अचूक उत्तर मिळतं. बघणारे थक्क झाले. सगळ्यांनी श्रेय खेळाचे प्रमुख प्रोग्रामर जॉन कार्मॅक यांना दिलं. कार्मॅक म्हणाले, माझं नाही. फंक्शनवर नाव नव्हतं. रिस सॉमेफेल्ट या उत्साही माणसानं एकेकाला पत्रं लिहून माग काढला, एका नावावरून दुसऱ्यावर जात राहिला, तेव्हा २००७ च्या सुमारास धागा ग्रेग वॉल्श यांच्यापर्यंत पोचला. वॉल्श यांनी १९८० च्या दशकाअखेरीस आर्डेंट कंपनीत क्लीव्ह मोलर यांच्याशी बोलून ते लिहिलं होतं. एका ओळीचं हेडर असतं तर हा शोध घ्यावाच लागला नसता, कारण शोधायचं काही उरलं नसतं. आणि एवढं करून २०२१ मध्ये कोपायलट हा कोड लिहून देणारा एआय नवा आला, तेव्हा त्यानं हेच फंक्शन मूळ कॉमेंट्ससकट ओकून दाखवलं, आणि वर भलत्याच माणसाच्या नावाचा भलताच परवाना चिकटवला. यंत्रानं दिलं म्हणून ते कुणाचंच नसतं, असं या प्रसंगानंतर कुणी म्हणू नये. एआयनं एखादा लांबलचक, घडीव तुकडा दिला तर तो शोधून बघायला दोन मिनिटं लागतात. माझ्या टीममध्ये आम्ही ती देतो.

मीटिंगमध्ये शेवटी कुणीतरी म्हणालं, "इथे कोण खटला भरतंय?" बहुधा कुणी भरणार नाही. तरी भारताचा कायदा काय सांगतो ते माहीत असावं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम ही साहित्यकृती आहे. कलम ५७ नुसार कृती आपली आहे असं सांगायचा लेखकाचा हक्क कॉपीराइटपासून वेगळा आहे. कॉपीराइट दुसऱ्याला दिला तरी तो हक्क उरतो. २०१२ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम ६५ ब सांगतं की लेखकाचं नाव किंवा कृतीची ओळख देणारी माहिती जाणूनबुजून, अधिकार नसताना काढणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैदेचा. हेडर कापताना आपण कशाला हात घालतो याची कल्पना त्या खोलीत कुणालाच नव्हती. मी हे घाबरवायला सांगत नाही. कायद्यानं ज्याला इतकं गंभीर मानलं, त्याला आपण शिष्टाचाराचा प्रश्न समजत होतो, आणि माझ्या मते हीच आमच्या धंद्यातली खरी खोट आहे. कॉलेजातून आलेल्या मुलाला आम्ही कोडचा वेग शिकवतो, डेडलाइन शिकवतो. परवाना कसा वाचायचा हे शिकवत नाही. त्या मुलानं फाइलीवर स्वतःचं नाव घातलं याचा दोष मी त्याच्यावर टाकत नाही. आमच्या नव्या फाइलीच्या साच्यातच 'लेखक' असा रकाना आहे आणि तो रिकामा ठेवला की बिल्ड अडतो. त्यानं रकाना भरला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मूळ वीस ओळी परत बसवल्या, त्यांच्याखाली आमची एक ओळ लिहिली: काय बदललं, कधी. मग फरक काढून बघितला तेव्हा लक्षात आलं की आमचा म्हणावा असा एकच तुकडा त्यात आहे. बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात, ते मूळ लेखकाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. आम्ही ते जोडलं होतं. मुलानं विचारलं, "मॅडम, हे त्यांना पाठवायचं का?" कंपनीचा कोड बाहेर पाठवायला वरची परवानगी लागते. ती त्याच ज्येष्ठ गृहस्थांकडे मागावी लागली. आपला प्रश्न त्यांनी अजून मागे घेतलेला नाही, सही मात्र केली. आठवडाभरानं लेखकानं तो बदल स्वीकारला. शनिवार मोजणाऱ्या त्या अकरा ओळींच्या कमिटवर आता आमच्या मुलाचं नाव आहे.